दूधआई: पुरंदरपासून शीवपर्यंत

१६५७ साली पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. आई सईबाईंची प्रकृती ढासळलेली, म्हणून कापूरहोळच्या धाराऊ गाडे त्यांच्या दूधआई झाल्या. त्या काळी दूधआईची पारख ओळखीवर होई: बाई कुणाच्या घरची, तब्येतीने कशी, तिचं स्वतःचं मूल कसं बाळसं धरतंय.

१९०९ साली व्हिएन्नात जगातली पहिली दूधपेढी निघाली. पेढीत दूध देणारीला घेणारं बाळ माहीत नसतं. मग भरवसा कशावर ठेवायचा?

आशियात या प्रश्नाला पहिल्यांदा भिडलं ते धारावीच्या उशाला असलेलं शीवचं लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालय. तिथल्या नवजात विभागात बाळं फार, परिचारिका थोड्या आणि वरच्या दुधातून होणारा जंतुसंसर्ग जीवघेणा. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी वरचं दूध बंद केलं आणि आयांनाच विभागात आणलं. हा निर्णय मोठ्या धाडसाचा होता. तरी काही आया अत्यवस्थ असत, काहींना पान्हाच फुटत नसे. त्या बाळांसाठी १९८९च्या नोव्हेंबरात पेढी उघडली.

पुढच्याच वर्षी ब्रिटनमधल्या ९२६ अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आतडं सडवणारा घातक आजार निव्वळ डब्याच्या दुधावरच्या बाळांत, निव्वळ आईच्या दुधावरच्या बाळांपेक्षा सहा ते दहा पटींनी जास्त आढळला होता.

पेढीत दात्या आईची एचआयव्ही, कावीळ ब आणि सिफिलिससाठी रक्ततपासणी होते. दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवून झटकन थंड करतात, जंतू उरले नाहीत ना ते तपासतात आणि उणे २० अंशांवर गोठवतात.

पण जंतू मारणाऱ्या उष्णतेने दुधात उतरलेलं औषध किंवा निकोटिन जात नाही. हजार ग्रॅमच्या बाळाचं यकृत नि मूत्रपिंड कच्चं. औषध अंगात रेंगाळतं. म्हणून दात्या आईला नीट विचारावंच लागतं: कुठल्या गोळ्या चालू आहेत? काढा? तंबाखू? महाराष्ट्रात तर मिश्रीचं नाव घेऊन विचारायला हवं, कारण दात घासायच्या मिश्रीला अनेक बायका तंबाखू मानतच नाहीत.

स्वतःच्या बाळाला पाजणाऱ्या आईचा हिशेब वेगळा. नेहमीची बहुतेक औषधं पाजताना चालतात, तरीही एका गोळीपायी पाजणं तोडायला सांगितलं जातं आणि बाळाचं हक्काचं दूध जातं. कर्करोगावरच्या औषधांसारखी काही मात्र खरोखर चालत नाहीत. औषध थोड्या दिवसांचं असेल, तर ते अंगातून जाईपर्यंत तिने दर दोन-तीन तासांनी दूध काढून टाकत राहायचं, नाहीतर पान्हा आटतो.