थरथरीशी झुंज

छायाचित्रणाचा इतिहास सांगताना भिंगांविषयी आणि रसायनांविषयी पुष्कळ बोलले जाते. थरथरीविषयी मात्र कोणी बोलत नाही. वास्तविक मुंगीच्या डोळ्याएवढ्या वस्तूचे मोठे चित्र घेणाऱ्यांची खरी झुंज झाली ती थरथरीशीच. वर्गात लढायांच्या सनावळ्या मी पुष्कळ सांगितल्या. ही झुंज पाठ्यपुस्तकात कधी भेटली नाही, म्हणून येथे मांडतो.

आधी अडचण समजून घेऊ. शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याची पात लावलेली असते आणि बाहेरच्या रस्त्याने उसाने भरलेला ट्रक जातो. टेबल हलल्याचे आपल्याला कळतही नाही, पण नळीतून पाहणाऱ्या मुलाला सगळे चित्र डळमळताना दिसते. कारण भिंग वस्तूबरोबर तिची हालचालही तितक्याच पटीने मोठी करते. त्यात दुसरे संकट प्रकाशाचे. प्रतिमा मूळ वस्तूच्या पाचपट हवी असेल तर साधारण 36 पट प्रकाश लागतो, दहापट हवी असेल तर 121 पट. प्रकाश कमी म्हणून वेळ जास्त, आणि वेळ जास्त म्हणून थरथरीला वाव जास्त, असा हा पेच आहे.

रॉबर्ट हूकने 1665 साली ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ काढला. त्यात घडी घातलेल्या मोठ्या पानावर एक पिसू चितारली आहे. हूकला हा पेच पडला नाही, कारण तो हाताने चित्र काढत होता. दृश्य हलले तर माणूस थांबतो, पुन्हा पाहतो आणि मग रेघ ओढतो. कॅमेऱ्याला ही सवलत नाही. जे हलले ते तो हललेलेच उमटवतो.

यातून सुटण्याचे दोन मार्ग निघाले. पहिला धीराचा. त्याचा मोठा साधक म्हणजे अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या जेरिको गावचा शेतकरी विल्सन बेंटली. त्याचा जन्म 1865 चा, म्हणजे हूकच्या ग्रंथानंतर बरोबर दोनशे वर्षांनी. आई पूर्वी शिक्षिका होती. तिने दिलेल्या जुन्या सूक्ष्मदर्शकातून हा मुलगा हिमाचे स्फटिक पाहू लागला. आपल्याकडे पडतात त्या गारा; तिकडचे हिम पिसासारखे अलगद उतरते. चित्र पुरे होण्याआधीच स्फटिक वितळून जाई, म्हणून त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडला आणि 15 जानेवारी 1885 रोजी हिमस्फटिकाचे पहिले छायाचित्र मिळवले.

त्याची खोली मुद्दाम थंड ठेवलेली असे. काळ्या फळीवर झेललेला स्फटिक तो काडीने उचलून काचेवर ठेवी, आणि श्वासाच्या उबेने तो वितळू नये म्हणून श्वास रोखून काम करी. उजेड खिडकीतला. प्रकाशाला कित्येक सेकंद द्यावे लागत, आणि तेच त्याच्या पथ्यावर पडले. सुरुवातीचा धक्का क्षणात विरतो. दहा सेकंदांच्या हिशेबात त्याचा वाटा नगण्य ठरतो. अशी पाच हजारांवर छायाचित्रे त्याने घेतली. 1931 साली त्याचा ‘स्नो क्रिस्टल्स’ हा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी, हिमवादळातून चालत घरी आल्यावर जडलेल्या न्यूमोनियाने तो गेला.

दुसरा मार्ग चपळाईचा, आणि तो बेंटलीच्याही आधीचा. 1851 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हेन्री फॉक्स टॅलबटने ‘टाइम्स’ वर्तमानपत्राचा कागद चाकावर डकवून ते वेगाने फिरवले. खोलीत अंधार केला आणि लेडन जारमधल्या विजेची एकच ठिणगी पाडली. फिरत्या कागदावरची अक्षरे छायाचित्रात स्पष्ट उमटली. वस्तू थांबवण्याऐवजी त्याने प्रकाशच इतका क्षणिक केला की तेवढ्यात हलायला तिला सवडच उरली नाही. पुढे आर्थर वर्दिंग्टनने ठिणगीच्याच उजेडात पडत्या थेंबांचे शिंतोडे टिपले. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत हॅरल्ड एजर्टनने विजेच्या दिव्यांच्या झगमगाटाला शिस्त लावली. दुधाच्या थेंबाने उठलेला मुकुट दाखवणारे त्याचे 1957 मधील छायाचित्र अनेक वाचकांनी पाहिले असेल.

मधल्या काळात मौज अशी झाली की थरथर कॅमेऱ्याच्या पोटातच शिरली. जत्रेतला पेटी-कॅमेरावाला तिकाटण्यावर पेटी ठेवून भिंगावरचे झाकण हाताने काढी. आत काही आपटत नसे. 1925 ला बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्यात कापडी पडदे धावू लागले. 1936 च्या किने एक्झाक्टात 35 मिलिमीटरच्या फिल्मसाठी आरसाही आला, आणि प्रत्येक चित्राआधी तो उसळू लागला. सेकंदाच्या हजाराव्या भागात चित्र घेतले तर धक्का फारसा बाधत नाही, दहा सेकंद घेतले तरी नाही; पण पंधराव्या किंवा आठव्या भागात घेतले तर तो जवळजवळ सगळा वेळ व्यापतो. मधली वाट येथे सर्वांत घातक!

म्हणून सूक्ष्म वस्तू टिपणारे आरसा आधी उचलून ठेवतात, दोन-चार सेकंद थांबतात आणि बोट न लावता दुरून कळ दाबतात. एकविसाव्या शतकातल्या पुष्कळ कॅमेऱ्यांत आरसाच उरलेला नाही, आणि पहिल्या पडद्याचे काम संवेदक विजेवर करतो. तरीही टॅलबटची युक्ती जुनी झालेली नाही. अंधाऱ्या खोलीत आधी पडदा उघडावा, थरथर शमू द्यावी आणि मग फ्लॅश चमकवावा.

लेव्हन बिस या ब्रिटिश छायाचित्रकाराने ऑक्सफर्डच्या संग्रहालयातले कीटक टिपून 2016 साली प्रदर्शन मांडले. एकेका कीटकासाठी त्याने आठ ते दहा हजार चित्रे घेऊन जोडली, आणि दर चित्रागणिक कॅमेरा 10 मायक्रॉन सरकवला. माणसाचा केससुद्धा याच्या कित्येक पट जाड असतो. येथे बेंटलीचा धीर आणि टॅलबटची ठिणगी एकत्र आलेली दिसतात.

माझे विद्यार्थी विचारतात, चांगला कॅमेरा नसताना हे आम्हाला कसे जमणार? मी त्यांना सांगतो, कॅमेऱ्याच्या आधी जड टेबल शोधा, पंखा बंद करा, रस्ता शांत होण्याची वाट पाहा. जेरिकोच्या शेतकऱ्याजवळ याहून मोठे भांडवल नव्हते: एक यंत्र, एक थंड खोली आणि रोखून धरलेला श्वास.