नागासाकीच्या टेकडीवरील वसईकर संत

जपानांतील नागासाकी शहरीं निशिझाका टेकडीवर सव्वीस रक्तसाक्षींच्या ब्राँझच्या प्रतिमा एका ओळींत उभ्या आहेत. त्यांतील एक आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सिया ह्यांची. ते प्रथम व्यापारी, मग फ्रान्सिस्कन मठबंधु. जपानी भाषा अवगत असल्यानें धर्मगुरूंचे दुभाषी. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं ह्याच टेकडीवर त्यांस क्रुसावर बांधून भाल्यांनीं भोसकण्यांत आलें. १८६२ सालीं परमगुरु नववे पायस ह्यांनीं त्यांस संतपद दिलें. त्याच्या शताब्दीस, १९६२ सालीं, शिल्पकार यासुताके फुनाकोशी ह्यांचें हें स्मारक उभें राहिलें.

वागळे इस्टेटींत पोटासाठीं गांव सोडून आलेल्या धर्मबंधुभगिनींनो, हा संत आपणांस परका नाहीं. तेहि परमुलुखीं व्यापार करून राहिले. पुरोहितदीक्षा त्यांस नव्हती. बाजारांत वा यंत्रापाशीं राबणाऱ्यासहि पावित्र्य साधतें, हीच त्या प्रतिमेची साक्ष होय.