हातातील वस्तू कोणाची?

नाशिकच्या जुन्या वाड्यांतील पूर्वजांची छायाचित्रे पाहताना आमची नजर चेहऱ्यावरून हाताकडे वळते. तेथे काठी असते, कधी पुस्तक. १८५१ नंतर रूढ झालेल्या ओल्या कलोडियनच्या तंत्रात काही सेकंद निश्चल राहावे लागे. हात स्थिर ठेवण्यासही वस्तू उपयोगी पडे. पाहणारा मात्र पुस्तकात विद्या वाचतो, काठीत मान. विल्यम जॉन्सन यांच्या मुंबईतील जातिजमातींविषयीच्या ग्रंथाचा दुसरा खंड (१८६६) महाराष्ट्राविषयी आहे. त्यात स्टुडिओतील माणसे बाहेरच्या दृश्यांवर बसवलेली दिसतात, आणि व्यक्ती जातीचा नमुना होऊन उरते. ज्याने आपले दृश्यही निवडले नाही, त्याच्या हातातील वस्तू त्याची कशी मानावी? प्रतीकाचा अर्थ लावण्यापूर्वी ती वस्तू हातात कोणी दिली, हे विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते.