कुंडीतल्या झाडांची तहान

आयर्लंड म्हणजे पाऊस, असे आपण धरून चालतो. त्याच भरवशावर लोक उन्हाळ्यात घराला कुलूप लावून महिनाभर आप्तांकडे जातात. पण 28 जून 2018 रोजी शॅनन विमानतळावर पारा 32 अंशांवर गेला आणि जुलैत नळीने बागेला पाणी घालण्यास देशभर बंदी आली. जमिनीतली झाडे मुळे खोल नेतात; कुंडीतल्या कढीपत्त्याने जावे कुठे?

प्रश्न जुनाच आहे. चीनमध्ये इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात फान शेंग-चिह् यांनी खरबुजाच्या वेलांमध्ये पाण्याचे मडके पुरावे, असे लिहून ठेवले. मडके पाझरते, भोवतालची माती सुकली की जास्त, ओली असली की कमी. माठ बाहेरून ओला का, हे अलिबागकडच्या घरांत कुणाला शिकवावे लागत नसे.

दुसरी युक्ती लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांची. 1829 मध्ये बंद बाटलीतल्या मातीत त्यांना नेचा उगवलेला दिसला. झाडाची वाफ काचेवर साचून पुन्हा मातीत उतरते, हे हेरून 1833 मध्ये त्यांनी काचेच्या पेट्यांतून रोपे सिडनीला धाडली. कित्येक महिन्यांच्या समुद्रप्रवासानंतर ती जिवंत पोहोचली.

म्हणून प्लॅस्टिकची पिशवी घालून कुंडी उन्हात ठेवू नये, झाड उकडून निघते. मोठ्या कुंडीत लहान मडके पुरावे, त्याचे तोंड झाकावे आणि कुंड्या सावलीत जवळजवळ मांडाव्यात. किल्ली मात्र शेजारणीकडे द्यावीच; 2018 मध्येही झारीला बंदी नव्हती.