एकाचा पराक्रम आणि संघाचें यश

सातारा आणि सांगली या कृष्णाकांठच्या मुलुखांत तालमीचें वेड फार जुनें आहे. कुस्ती हा एकट्याचा खेळ. हौद्यांत उतरलेला मल्ल जिंकला तर तो जिंकला, आणि चीत झाला तर तोच चीत झाला; त्याच्या जयापजयाचा हिशेब सरळ असतो. सांघिक खेळांत हा हिशेब इतका सरळ राहत नाहीं. तेथें एखादा असामान्य खेळाडू लाभला, म्हणजे त्याच्यावर किती भिस्त ठेवावी, हा प्रश्न कर्णधारापासून शाळेंतील खेळशिक्षकापर्यंत सर्वांसमोर उभा राहतो. बास्केटबॉलमध्यें चेंडू नेहमीं त्याच्याच हातीं द्यावा काय? क्रिकेटमध्यें साऱ्या डावाचें ओझें त्याच्याच बॅटीवर टाकावें काय? या प्रश्नाचें उत्तर नुसत्या तर्कानें काढण्यापेक्षां इतिहासाला विचारणें बरें. आणि त्यासाठीं दूर जावयास नको. सांगलीच्याच एका पुत्राच्या चरित्रांत तें उत्तर बरेंचसें सांपडतें.

विजय सॅम्युअल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजीं सांगलीस एका मराठी ख्रिस्ती कुटुंबांत झाला. वडील शिक्षक होते. सांगली हें त्या वेळीं पटवर्धनांच्या संस्थानाचें राजधानीचें शहर होतें. हजारे स्वभावानें मितभाषी, आणि त्यांचा खेळहि तसाच, घाई न करणारा. १९३९-४० च्या हंगामांत पुण्यास महाराष्ट्राच्या वतीनें बडोद्याविरुद्ध त्यांनीं नाबाद ३१६ धांवा काढल्या. रणजी करंडकाच्या सामन्यांतील तें पहिलें त्रिशतक होय. त्या वर्षीं आणि त्याच्या पुढील वर्षींहि महाराष्ट्रानें करंडक जिंकला. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. त्या संघाचे कर्णधार संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर हे होते, आणि वयाची पंचेचाळिशी उलटल्यावरहि ते स्वतः मोठमोठे डाव खेळत होते. सोहोनी, सरवटे यांसारखे गडी त्यांच्या हाताखालीं होते. हजारे त्या संघाचे एक भक्कम खांब होते. पण सारें छप्पर त्या एकाच खांबावर तोललेलें नव्हतें.

छप्पर एकाच खांबावर तोललें म्हणजे काय होतें, तें १९४३ च्या डिसेंबरांत मुंबईच्या ब्रेबर्न क्रीडांगणावर दिसून आलें. धर्मावार संघ करून खेळले जाणारे पंचरंगी सामने त्या काळीं भरत असत. हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन या चार संघांत १९३७ पासून पांचव्या संघाची भर पडली होती. त्याचें नांवच मुळीं ‘इतर’. भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, यहुदी इत्यादि ज्यांना अन्य संघांत जागा नव्हती, त्यांचा हा संघ. अर्थातच त्यांत निवडीला वाव थोडा होता. हजारे या संघांतून खेळत. मुसलमानांच्या संघाविरुद्ध त्यांनीं २४८ धांवा केल्या व संघाला अंतिम सामन्यांत नेलें. तेथें हिंदूंच्या बाजूनें विजय मर्चंट यांनीं नाबाद २५० धांवा काढून तो आंकडा मागें टाकला, आणि ५ बाद ५८१ या धांवसंख्येवर हिंदूंनीं डाव सोडून दिला.

‘इतर’ संघाचा पहिला डाव १३३ धांवांत आटोपला. त्यांत हजाऱ्यांच्या ५९ होत्या. डावाचा पराभव टाळावयाचा तर दुसऱ्या डावांत ४४८ धांवा हव्या होत्या. हजारे उभे राहिले आणि त्यांनीं ३०९ धांवा केल्या. संघाची एकूण धांवसंख्या झाली ३८७. बाकीचे सर्व फलंदाज आणि अवांतर धांवा मिळून भरती ७८ ची! सहाव्या गड्यासाठीं त्यांनीं आपले बंधु विवेक यांच्यासह ३०० धांवांची भर घातली; त्यांत विवेक यांच्या धांवा अवघ्या २१. इतकें करूनहि ‘इतर’ संघ एक डाव आणि ६१ धांवांनीं हरला. दोन्ही डावांची बेरीज केली तर ५२० पैकीं ३६८ धांवा, म्हणजे शेंकडा सत्तर, एकाच माणसाच्या होत्या. पराक्रमाचा लौकिक अजून टिकून आहे. पराभव मात्र त्यानें टळला नाहीं.

या हकीकतींतून घाईनें बोध काढूं नये. हजाऱ्यांनीं इतरांचा वांटा हिरावून घेतला, असें कोणीहि म्हणणार नाहीं. दुसऱ्या टोंकाचे गडी बाद होत राहिले आणि भार त्यांच्यावर येऊन पडला. शिवाय विवेक यांच्या २१ धांवा लहान समजण्याचें कारण नाहीं. तें टोंक त्यांनीं धरून ठेविलें नसतें, तर तीनशेंचा आंकडा कागदावर आलाच नसता. मोठ्या खेळाडूचें मोठेपण पुष्कळदां अशा एखाद्या खंबीर सोबत्याच्या आधारानें उभें असतें, आणि धांवफलकावर त्याची नोंद नीटशी होत नाहीं.

याच्या उलट चित्र १९४७ च्या मार्चांत बडोद्यास दिसलें. हजारे तोंवर बडोद्याच्या संघांत गेले होते. रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यांत होळकर संघाविरुद्ध बडोद्याचे ३ गडी ९१ धांवांत बाद झाले असतां हजारे आणि गुल महंमद एकत्र आले. त्यांनीं चौथ्या गड्यासाठीं ५७७ धांवांची भर घातली. गुल महंमद यांच्या ३१९, हजाऱ्यांच्या २८८. हा भागीचा जागतिक विक्रम २००६ पर्यंत अबाधित होता. बडोद्यानें ७८४ धांवा करून सामना एक डाव आणि ४०९ धांवांनीं जिंकला. मुंबईंतील ३०९ पेक्षां या २८८ धांवा कमी. परंतु येथें दुसऱ्या टोंकाला बरोबरीचा गडी होता, आणि प्रतिपक्षाचे दोन्ही डाव लवकर गुंडाळणारे गोलंदाजहि होते. त्या गोलंदाजांत खुद्द हजारेहि होते. सामना जिंकण्यास नुसत्या धांवा पुरत नाहींत, समोरच्या संघाचे वीस गडी बाद करावे लागतात, ही गोष्ट फलंदाजाच्या कौतुकांत विसरली जाते.

कसोटी सामन्यांचा दाखलाहि असाच आहे. जानेवारी १९४८ मध्यें अ‍ॅडलेड येथें ऑस्ट्रेलियानें ६७४ धांवा उभारल्या. हजाऱ्यांनीं पहिल्या डावांत ११६ आणि दुसऱ्यांत १४५ धांवा केल्या. एकाच कसोटींत दोन शतकें करणारे ते पहिले भारतीय ठरले. पहिल्या डावांत कोल्हापूरच्या दत्तू फडकरांनीं १२३ धांवा करून त्यांना साथ दिली आणि संघ ३८१ पर्यंत पोंचला. दुसऱ्या डावांत अधिकारी यांचें अर्धशतक सोडलें तर लिंडवॉलच्या माऱ्यापुढें फारसें कोणी टिकलें नाहीं. पुष्कळांना भोपळाहि फोडतां आला नाहीं. डाव २७७ वर संपला व भारत एक डाव आणि १६ धांवांनीं हरला.

पुढें १९५१-५२ सालीं इंग्लंडचा संघ आला, तेव्हां हजारे भारताचे कर्णधार होते. दिल्लीस त्यांनीं नाबाद १६४ धांवा काढल्या, मुंबईस १५५ काढल्या. दोन्ही सामने अनिर्णित राहिले. कानपूरचा सामना भारत हरला. मग फेब्रुवारी १९५२ मध्यें मद्रासला भारतानें आपल्या इतिहासांतला पहिला कसोटी विजय मिळविला, तोहि एक डाव आणि ८ धांवांनीं. त्या सामन्यांत कर्णधार हजाऱ्यांच्या धांवा होत्या केवळ २०. पंकज रॉय यांच्या १११, पॉली उम्रीगर यांच्या नाबाद १३०, फडकरांच्या ६१. विनू मंकड यांनीं ५५ धांवांत ८ आणि ५३ धांवांत ४ असे १२ बळी घेतले.

येथें कोणी म्हणेल, कीं हजाऱ्यांची जागा मंकडांनीं घेतली एवढेंच. भिस्त अखेर एकावरच राहिली. परंतु बारकाईनें पाहिलें तर तसें दिसत नाहीं. मंकडांच्या त्या बळींपैकीं पांच यष्टिरक्षक सेन यांनीं यष्टिचीत करून मिळवून दिले होते. म्हणजे अव्वल गोलंदाजाच्या फिरकीला यष्टीमागील चपळ हातांची जोड होती, आणि ४५७ धांवांची मोठी पुंजी त्याच्या पाठीशीं होती. तेच मंकड त्याच वर्षीं जूनमध्यें लॉर्ड्सच्या मैदानावर ७२ आणि १८४ धांवा काढतात, ९७ षट्कें गोलंदाजी करतात, आणि तरीहि भारत ८ गड्यांनीं हरतो. खेळाडू तोच, पराक्रम कदाचित् अधिकच; फरक पडला तो भोंवतालच्या साथीचा.

लॉर्ड्सच्या आधींचा लीड्स येथील सामना तर अधिकच बोलका आहे. पहिल्या डावांत ३ बाद ४२ अशा अवस्थेंत हजारे आणि वीस वर्षांचे विजय मांजरेकर यांनीं २२२ धांवांची भर घातली. हजाऱ्यांच्या ८९ आणि मांजरेकरांच्या १३३. दुसऱ्या डावांत एकहि धांव होण्यापूर्वीं भारताचे चार गडी बाद झाले. तेथूनहि हजाऱ्यांनीं ५६ आणि फडकरांनीं ६४ धांवा करून अब्रू राखली. अनुभवी माणूस एका टोंकाला उभा असल्यामुळें नवख्या मांजरेकरांना शतक सांपडलें, हा अव्वल खेळाडूचा खरा उपयोग होय. मात्र वरचे चार गडी शून्यावर गेल्यावर तोच अनुभव फक्त पराभवाची लाज झांकूं शकला.

याच १९५२ च्या उन्हाळ्यांत, लीड्सनंतर दोन महिन्यांच्या आंत, कऱ्हाडजवळील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें कुस्तीचें कांस्यपदक मिळविलें. एकट्याच्या खेळांतला हा विजयहि सर्वस्वीं एकट्याचा नव्हता. प्रवासखर्चासाठीं गांवोगांवच्या लोकांनीं वर्गणी दिली; कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. मल्लालाहि जर पाठीशीं इतकीं माणसें लागतात, तर अकरा जणांच्या किंवा पांच जणांच्या खेळांत एकट्यानें काय करावें?

बास्केटबॉलचा इतिहास हेंच सांगतो. २ मार्च १९६२ रोजीं अमेरिकेंतील हर्शी गांवीं विल्ट चेंबरलेन यानें एका सामन्यांत १०० गुण मिळविले. त्या हंगामांत त्याची सरासरी दर सामन्यास ५० हून अधिक होती. परंतु त्याच्या संघाला त्या वर्षीं बोस्टनच्या संघानें रोखलें आणि अजिंक्यपद बोस्टनकडेच गेलें. चेंबरलेनला पहिलें अजिंक्यपद १९६७ सालीं लाभलें. त्या हंगामांत त्याची सरासरी निम्म्याहून कमी, सुमारें २४ होती. कारण चेंडू स्वतः टाकण्याऐवजीं तो सोबत्यांना पोंचविण्यास तो शिकला होता.

याचें कारण उघड आहे. एकाच खेळाडूवर सारी मदार असली, म्हणजे प्रतिपक्षाला डावपेंच आंखणें सोपें जातें. त्या एकाला कोंडलें, कीं काम झालें. दुसरा तोटा त्याहून मोठा आहे. ‘तो आहे ना’ या भरंवशावर बाकीचे गडी आपलें काम शिकत नाहींत, आणि ज्या दिवशीं तो लवकर बाद होतो, त्या दिवशीं त्यांना आपण काय करावें हेंच सुचत नाहीं. जुन्या हुतूतूच्या संजीवनी प्रकारांत हें तत्त्व नियमांतच गुंफलेलें आहे. कितीहि पट्टीचा चढाई करणारा असो, तो एकदां मेला म्हणजे बाहेर बसतो, आणि त्याच्या बाजूच्या गड्यांनीं प्रतिपक्षाचा गडी मारल्यावरच तो पुन्हां जिवंत होतो. सर्वांत बलवान् गड्याचा जीव अशा रीतीनें सर्वांत दुबळ्या गड्याच्या हातीं असतो.

मग अव्वल खेळाडूवर विसंबूंच नये काय? तसें नव्हे. हजारे नसते, तर त्या ‘इतर’ संघानें अंतिम सामना पाहिलाहि नसता. गुणवंताला मागें खेंचून संघ बलवान् होत नाहीं. कठीण वेळीं चेंडू त्याच्याकडेच गेला पाहिजे, आणि मोठा डाव त्यानेंच खेळला पाहिजे. मर्यादा एवढीच, कीं इतरांचें काम त्याच्या माथीं मारूं नये. हजाऱ्यांनीं १४ कसोटींत भारताचें नेतृत्व केलें; त्यांत विजय एकच, मद्रासचा. फलंदाजीचा भार असतांना कर्णधारपदहि त्यांच्यावर लादलें गेलें, आणि त्यामुळें त्यांच्या खेळाचें नुकसान झालें, असें खुद्द विजय मर्चंट यांचें मत होतें. म्हणजे अतिरेकी भिस्तीनें संघाचा तोटा होतो तो होतोच. शिवाय ज्याच्यावर ती ठेविली, त्याचीहि हानि होते.

हजारे ३० कसोटींत २,१९२ धांवा करून निवृत्त झाले. १९६० सालीं त्यांना पद्मश्री मिळाली, आणि १८ डिसेंबर २००४ रोजीं बडोद्यास त्यांचें निधन झालें. देशांतील एकदिवसीय सामन्यांचा करंडक आज त्यांच्या नांवानें खेळला जातो. सातारा-सांगलीच्या शाळांतील मुलांना ३०९ हा आंकडा अवश्य सांगावा. त्यानें छाती फुगेल. परंतु त्याच्या शेजारीं विवेक यांचे २१ आणि मद्रासचे २० हेहि आंकडे फळ्यावर लिहावे. पहिल्यानें एका माणसाची थोरवी कळते. उरलेल्या दोहोंनीं संघ म्हणजे काय, तें समजतें.