बायोप्सी रिपोर्टवर ‘पी-१६ पॉझिटिव्ह’ आलंय? आधी हे वाचा

मानेत न दुखणारी गाठ आली, तपासणीत घशाचा कॅन्सर निघाला आणि रिपोर्टवर ‘पी-१६ पॉझिटिव्ह’ असं दिसलं, की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. कोरोनापासून पॉझिटिव्ह या शब्दाचीच धास्ती बसलीय. इथं मात्र तो बहुतेक वेळा दिलासा देणारा असतो.

टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणारे काही कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे होतात. हा विषाणू पेशीच्या वाढीचा ब्रेकच निकामी करतो. त्यामुळे पेशीत पी-१६ नावाचं प्रथिन साचत जातं. बायोप्सीच्या तुकड्याला खास रंग देऊन ते पाहतात. ७० टक्के किंवा जास्त पेशी ठळक रंगल्या तर रिपोर्ट पॉझिटिव्ह. तोंडाच्या, म्हणजे गाल किंवा हिरडीच्या कॅन्सरमध्ये या तपासणीचा असा उपयोग नाही.

असे कॅन्सर रेडिएशन आणि केमोला चांगली दाद देतात. २०१० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, विषाणू असलेल्या रुग्णांपैकी ८२ टक्के तीन वर्षांनंतर हयात होते. विषाणू नसलेल्यांपैकी ५७ टक्के. पण त्याच अभ्यासात तंबाखूनं घोळ घातलेला दिसला. रोज २० सिगारेट या हिशेबानं दहा वर्षांहून जास्त ओढलेल्या आणि मानेतल्या गाठींपर्यंत आजार बराच पसरलेल्या रुग्णांना विषाणू असूनही तेवढा फायदा झाला नाही. आपल्याकडे मुळात तंबाखूचेच रुग्ण जास्त, त्यामुळे डॉक्टर बिडी-तंबाखूबद्दल विचारतील तेव्हा लपवू नका.

शिवाय कधीकधी विषाणू नसतानाही पी-१६ पॉझिटिव्ह येतं. अशा रुग्णांना विषाणूवाल्यांइतका फायदा होत नाही. म्हणून शंका असेल तिथं एचपीव्हीची वेगळी तपासणी करतात.

‘आजार सौम्य आहे, मग केमो कशाला?’ असं नातेवाईक विचारतात. डॉक्टरांनीही हा विचार करून पाहिला. रेडिएशनसोबतच्या सिस्प्लॅटिन या औषधाऐवजी कमी त्रासाचं म्हणून सेटुक्सिमॅब दिलं. २०१८ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले: नव्या औषधावरचे रुग्ण कमी जगले. त्यामुळे रिपोर्ट पाहून स्वतःच केमो अर्धवट सोडू नका.

पी-१६ साठी सहसा नवा तुकडा काढावा लागत नाही. आधीच्या तुकड्याचा मेणाचा ब्लॉक लॅबमध्ये असतो. दुसऱ्या दवाखान्यात जाताना रिपोर्टसोबत ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या.