भाडेकरूंचं गाव

मागच्या लाँग वीकेंडला सँटा बार्बराला जाऊन आलो. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवरचा माझा रूममेट तिथल्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करतो. दोन वर्षं त्याचं "ये की रे लेका एकदा" चाललं होतं. शेवटी माझं ऑनसाइट संपत आलं तेव्हा जाग आली. लॉस एंजेलिसहून १०१ नंबरच्या हायवेनं साधारण दोन तास. व्हेंचुरा आलं की डाव्या हाताला समुद्र लागतो आणि मग तो बराच वेळ सोडत नाही.

युनिव्हर्सिटीला चिकटून इस्ला विस्टा नावाचं एक गाव आहे. पोरं नुसतं 'आयव्ही' म्हणतात. वस्तीचा भाग जेमतेम अर्धा चौरस मैल, आणि २०१० च्या जनगणनेत लोकसंख्या २३,०९६. डोंबिवलीकराला यात काही विशेष वाटणार नाही, पण अमेरिकेत हे म्हणजे फारच झालं. (२०२० च्या जनगणनेत आकडा १५,५०० वर आला, कारण कोविडमुळे पोरं घरी गेलेली!) रविवारी सकाळी अकराला आम्ही बाहेर पडलो तर अनवाणी पोरं-पोरी एका हातानं सायकल चालवत, दुसऱ्या काखेत सर्फबोर्ड धरून निघालेली. कड्यावरच्या घरांच्या गच्च्यांवर सोफे टाकलेले. वर निळं आकाश, खाली पॅसिफिक.

"आपण चार वर्षं काय केलं रे?" मी मित्राला विचारलं.

"जर्नल्स उतरवली," तो म्हणाला.

असो. किनाऱ्यावर तासभर चाललो आणि परत आल्यावर बघतो तर दोन्ही तळव्यांना काळं डांबर. मी म्हटलं, कुठल्या जहाजानं घाण केली? मित्र म्हणाला, हे नैसर्गिक आहे. कोल ऑइल पॉइंट इथेच आहे, आणि तिथे समुद्राच्या तळातून रोज सुमारे १०० बॅरल तेल आपलं आपणच झिरपतं. चुमाश हे इथले मूळ रहिवासी हेच डांबर वापरून आपल्या फळ्यांच्या होड्यांच्या फटी बुजवायचे.

रात्री झोप येईना म्हणून या गावाचा इतिहास वाचत बसलो आणि पहाटे तीनला लॅपटॉप मिटला. खरं तर हे पोस्ट बीचबद्दल होणार होतं.

गावाची सुरुवातच तेलाच्या लोभातून झाली. १९२० च्या दशकात इथे तेल लागेल या आशेवर जमिनीचे चिंचोळे प्लॉट पाडून विकले गेले. रस्त्यांना रुबाबदार वाटावीत म्हणून स्पॅनिश नावं दिली, तीही चुकीची. कड्यावरच्या मुख्य रस्त्याचं नाव 'डेल प्लाया'. स्पॅनिशमध्ये प्लाया स्त्रीलिंगी, त्यामुळे ते 'दे ला प्लाया' हवं. आपण 'माझा वही' म्हटल्यासारखं! तेलाचं स्वप्न काही खरं झालं नाही, पाण्याचीही बोंब होती, त्यामुळे वस्ती विरळच राहिली. मग १९५४ साली युनिव्हर्सिटी शेजारी आली. दुसऱ्या महायुद्धातल्या मरीन कॉर्प्सच्या विमानतळाची रिकामी जागा मिळाली, ती घेतली. तेव्हा विद्यार्थी दोन हजारांच्या आत होते. १९७० पर्यंत ते तेरा हजारांच्या वर गेले. एवढी पोरं राहणार कुठे? तर त्या तेलासाठी पाडलेल्या चिंचोळ्या प्लॉट्सवर भराभर अपार्टमेंट उभी राहिली. मालक बहुतेक बाहेरगावचे. आणि गाव कुठल्याच शहराचा भाग नाही, त्यामुळे नगरपालिका नाही, महापौर नाही. कारभार काउंटीचा, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा. पोलीस काउंटीच्या शेरीफचे. मतदानाचं वय तेव्हा २१. थोडक्यात काय, सगळं गाव भाडेकरूंचं आणि त्यातल्या बहुतेकांना मत नाही.

माझ्यासारख्या 'बॅचलर' म्हणून पुण्यात भाड्यानं राहिलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. आमच्या सोसायटीत नोटिसा आमच्याबद्दल लागायच्या. पाहुणे किती वाजेपर्यंत, लिफ्ट कुणी वापरायची वगैरे. पण मीटिंगला मात्र आम्हाला बोलावणं नसायचं. मेंटेनन्स आमच्याच भाड्यातून जायचा हा भाग वेगळा.

तर अशा गावात १९६९ उजाडलं. २८ जानेवारीला किनाऱ्यापासून सुमारे १० किलोमीटरवर युनियन ऑइल कंपनीच्या 'प्लॅटफॉर्म ए' वर विहीर खोदताना स्फोट झाला. नियमानं विहिरीत जेवढी खोल लोखंडी नळी बसवायला हवी होती तेवढी नव्हती, आणि ती कमी खोल ठेवायला परवानगी सरकारनंच दिली होती. अंदाजे ८० हजार ते १ लाख बॅरल तेल समुद्रात गेलं. हजारो पक्षी मेले. पोरं आणि गावकरी किनाऱ्यावर गवताच्या पेंढ्या टाकून तेल टिपत होते. ज्या बीचसाठी पोरं या कॉलेजात यायची, तो बीचच काळा झाला. अमेरिकेतल्या पर्यावरण चळवळीला इथून मोठा धक्का मिळाला. सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांनी ही जागा पाहिली आणि पुढच्या वर्षी, २२ एप्रिल १९७० ला, पहिला 'अर्थ डे' झाला.

आता आपल्या धंद्यातली गोष्ट. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला ही युनिव्हर्सिटी आर्पानेटचा तिसरा नोड झाली. यूसीएलए, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट, मग सँटा बार्बरा आणि डिसेंबरात युटा. इंटरनेटच्या त्या पहिल्या चार कॉम्प्युटरपैकी एक इथल्या नॉर्थ हॉलमध्ये होता, आयबीएम ३६०/७५. मी ती इमारत मुद्दाम बघितली. कॉलेजातल्या कुठल्याही इमारतीसारखी इमारत. पण मला जास्त गंमत वाटली ती आधीच्या वर्षीची. १४ ऑक्टोबर १९६८ ला बारा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी याच नॉर्थ हॉलमधल्या कॉम्प्युटर सेंटरचा ताबा घेतला होता. आपल्याकडे कुणी लक्ष देत नाही, पण कॉम्प्युटरकडे देतील, हा त्यांचा हिशोब. पोलीस घुसले तर मशीन फोडू अशी धमकी. मशीन वाचलं आणि युनिव्हर्सिटीत ब्लॅक स्टडीजचा विभाग सुरू झाला. सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणजे काय ते त्या बारा जणांना आपल्याआधी कळलं होतं.

१९७० च्या जानेवारीत बिल ॲलन नावाच्या मानववंशशास्त्राच्या तरुण प्राध्यापकाची नेमणूक पुढे चालू ठेवायला युनिव्हर्सिटीनं नकार दिला. त्याची उघड सुनावणी करा म्हणून सात हजारांवर विद्यार्थ्यांनी सह्या केल्या. म्हणजे कॅम्पसवरच्या निम्म्याहून जास्त पोरांनी. सुनावणी झाली नाही. वर व्हिएतनाम युद्ध, सैन्यभरतीची टांगती तलवार, घरमालक आणि शेरीफची माणसं. २५ फेब्रुवारीला वकील विल्यम कुन्स्टलर यांचं स्टेडियममध्ये भाषण झालं. ते संपवून पोरं गावात परतत असताना पोलिसांनी एका माजी विद्यार्थ्याला पकडून झोडपलं. त्याच्या हातात वाइनची बाटली होती, पोलिसांना वाटलं पेट्रोल बाँब. झालं, ठिणगी पडली. रात्री जमावानं कचऱ्याचा पेटता डबा बँक ऑफ अमेरिकाच्या शाखेच्या दारातून आत ढकलला. विशेष म्हणजे ती आग काही विद्यार्थ्यांनीच विझवली. मग दुसऱ्यांनी पुन्हा लावली आणि बँक जमीनदोस्त झाली.

बँकच का? कारण ती तेव्हा जगातली सगळ्यात मोठी बँक होती, तिची शाखा सायगावातही होती आणि या गावात 'व्यवस्था' म्हणून दगड मारायला दुसरं काही नव्हतंच. मला हे पटत नाही. जाळपोळीनं ना युद्ध थांबलं ना ॲलनला नोकरी मिळाली. गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. त्यांनी आणीबाणी जाहीर करून नॅशनल गार्ड पाठवलं. बँकेनंही हट्टानं काही दिवसांतच तात्पुरत्या इमारतीत काम सुरू केलं.

१८ एप्रिलला पुन्हा दंगल उसळली. केव्हिन मोरान नावाचा २२ वर्षांचा विद्यार्थी इतरांबरोबर त्या तात्पुरत्या बँकेला लागलेली आग विझवायला गेला. तिथे पोलिसाच्या रायफलची गोळी लागून तो गेला. गोळी चुकून सुटली असं त्या पोलिसाचं म्हणणं पडलं. त्याच्यावर खटला चालला नाही. पहिला अर्थ डे चार दिवसांवर होता.

जूनमध्ये तिसऱ्यांदा तेच. यावेळी लॉस एंजेलिसहून कुमक आणली. संचारबंदीत अपार्टमेंटची दारं फोडून पोरांना मारहाण झाली. १० जूनला लोक 'परफेक्ट पार्क' नावाच्या मोकळ्या जागेत नुसते बसून राहिले. प्राध्यापकही होते. अश्रुधूर सोडून शेकडो लोकांना अटक केली. संध्याकाळी मी त्या जागी गेलो होतो. २००३ साली तिथे शांतता स्मारक उभं राहिलंय. शेजारी एक पोरगी हॅमक बांधून पुस्तक वाचत होती.

यानंतरचा भाग मला सगळ्यात आवडला. त्याच वर्षी गावानं स्वतःचं कम्युनिटी कौन्सिल निवडून काढलं. कायदेशीर अधिकार काही नाही, पण तरी काढलं. पायी फिरणारे पोलीस नेमले गेले. किराणा मालाची सहकारी दुकानदारी सुरू झाली. १९७१ मध्ये मतदानाचं वय १८ झालं आणि कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की विद्यार्थी जिथे राहतो तिथे मतदार होऊ शकतो, आईबापाच्या गावी जायची गरज नाही. १९७२ मध्ये बागांसाठी स्वतंत्र मंडळ आलं. त्यामुळे आज कड्याच्या काठावरसुद्धा सगळीकडे बिल्डिंगा नाहीत, काही मोकळी जागा उरलीय. म्हणजे आज पोरं ज्या हिरवळीवर लोळतात, ती त्यांच्यासारख्याच चार वर्षांत निघून जाणाऱ्या पोरांनी मिळवलेली आहे. आपल्याला ज्याचा उपभोग मिळणार नाही अशा बागेसाठी कोण झगडतं? मी तरी सोसायटीत एक झाड लावलं नाही.

पण 'आम्हाला शहर म्हणून मान्यता द्या' ही मागणी १९७० आणि ८० च्या दशकांत पुन्हा पुन्हा फेटाळली गेली. त्याचा परिणाम पार्ट्यांच्या इतिहासातही दिसतो. 'फ्लोटोपिया' म्हणजे हवेच्या गाद्या घेऊन समुद्रात तरंगायचा एक दिवस. २००९ मध्ये सुमारे बारा हजार लोक आले. काउंटीनं पुढच्या वर्षांत त्या दिवशी बीच बंद केला. पोरं घरी बसली का? छे! पार्टी कड्यावर, डेल प्लाया रस्त्यावर सरकली आणि 'डेल्टोपिया' झाली. ५ एप्रिल २०१४ ला तिथे बाटल्या फेकल्या गेल्या, पुन्हा अश्रुधूर, शंभरावर अटका. बग फिक्स केला आणि तो दुसऱ्या मॉड्यूलमध्ये निघाला, तसं. आणि दीड महिन्यात, २३ मे २०१४ ला, एका माथेफिरूनं सहा विद्यार्थ्यांना ठार केलं. त्यांच्यासाठी पोरं आपापले सर्फबोर्ड घेऊन समुद्रात गेली आणि पाण्यात गोल करून थांबली. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

या सगळ्यानंतर नोव्हेंबर २०१६ मध्ये गावानं मतदान करून स्वतःचं छोटं सेवामंडळ मिळवलं. त्यासाठीचा कर त्या वर्षी थोडक्यात हुकला आणि २०१८ मध्ये पास झाला. नगरपालिका अजून नाहीच.

निघायच्या आधी मित्राला म्हटलं, ती जळलेली बँक कुठेय ते दाखव. बँक त्याच जागी पुन्हा बांधली होती, पुढे १९८१ मध्ये ती बंद झाली. आता ती इमारत युनिव्हर्सिटीची आहे, एम्बारकाडेरो हॉल. आत लेक्चर्स होतात. भिंतीवर मोरानच्या नावाची पाटी आहे. मित्र ती बघत थांबला. "अरे, मी इथे दोन सेमिस्टर टीए होतो," म्हणाला. मग स्वतःच दुरुस्त केलं, "क्वार्टर. इथे सेमिस्टर नसतात."

रूमवर परतल्यावर त्यानं बाथरूममधून पॅराशूटची निळी बाटली आणली. डांबर साबणानं निघत नाही, खोबरेल तेलानंच निघतं म्हणे. दोघं पायरीवर बसून तळवे चोळत बसलो. पंधरा मिनिटं लागली.